पौष कोणाचा?

दुर्गाघाट, काशी
२७ नोव्हेंबर १९९३

आनंदीताई,

साष्टांग नमस्कार. हल्ली बाकीच्या अंगांच्या आधी पोट टेकतं, पण भाव पोचला असं समज.

तू लग्न होऊन वाईला गेलीस त्याला चौदा वर्षं झाली. तेवढ्यात तुझ्या या चुलत भावाने काय दिवे लावले? फार्मसीचा डिप्लोमा केला आणि इथल्या एका सरकारी रुग्णालयात चार नंबरच्या खिडकीमागे बसून आठ वर्षं गोळ्या मोजल्या. पाच पाचच्या ढिगाने. आता शेंगदाणेसुद्धा मी पाच पाच करून खातो, असं अण्णा म्हणतात. रोगी मला ‘डाक्टर साहब’ म्हणतात आणि आठ वर्षांत मी एकाचीही चूक दुरुस्त केलेली नाही. म्हटलं, रोज खोटं ऐकून घेण्यापेक्षा ते एकदाचं खरंच करून टाकावं. तर बातमी अशी, की अठ्ठाविसाव्या वर्षी मी डॉक्टरीची चेष्टा करतो आहे. मेमध्ये प्रवेश परीक्षा.

अण्णांना सांगितलं तेव्हा ते संध्येला बसले होते. आचमन पुरं करून म्हणाले, “पक्की नोकरी सोडून सतरा वर्षांच्या पोरांत बसून बेडूक कापणार?” मी म्हटलं, हो. म्हणाले, “मग मला बेडकांची काळजी वाटते.” म्हणजे परवानगी मिळाली असं मी धरून चाललो आहे.

भौतिक, रसायन कसंबसं जमेल. जीवशास्त्राचं पुस्तक मात्र बारावीनंतर जे मिटलं ते मिटलंच. तू शाळेत तेच शिकवतेस. टिपणं पाठव, प्रश्न पाठव. मी उत्तरं लिहून पाठवीन, तू लाल पेनाने वाभाडे काढ. लहानपणी पाढे चुकले की कान पिरगाळायचीस, ते पोस्टाने जमणार नाही, तेवढीच माझी सोय.

नालायकी सांगून झाली, आता थोडी फुशारकी. इथल्या रोग्यांना इंग्रजी तारखा कळत नाहीत. बाकीचे फार्मासिस्ट तारीख सांगतात आणि रोगी भिंतीकडे बघत राहतो. मी तिथी सांगतो. आजच मुन्शी घाटावरचा विष्णु नावाचा नावाडी आला होता. मूत्रपिंडाच्या दुखण्याने अंगभर सूज. गरीब रोग्यांच्या यादीत आहे, म्हणून सव्वादोन महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या आणि बजावलं, “पूस बदी एकादसी तक रोज खाना, नागा मत करना.” त्याने लगेच मान डोलावली. अण्णांसारख्या वैदिकाच्या पोटी जन्माला आल्याचा एवढाच काय तो उपयोग.

तुझा
वेणू


वाई
१२ डिसेंबर १९९३

चि. वेणीमाधव यास आशीर्वाद आणि एक चापट,

तुझं अंतर्देशीय तुझ्या श्रीरामभावजींनी नेहमीप्रमाणे पानावर बसून मोठ्याने वाचलं. ‘डॉक्टरीची चेष्टा करतो आहे’ इथे आले आणि घास हातातच राहिला. म्हणाले, “तुझा भाऊ डॉक्टरांची टिंगल करतो हे ठीक, पण त्यासाठी प्रवेश परीक्षा असते?” सासूबाई म्हणाल्या, “काशीत असेल.”

अरे, चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे तिकडे. कृष्णेच्या काठी चेष्टा म्हणजे थट्टाच. मी दुर्गाघाटावर वाढले म्हणून मला कळलं. माझी काही वेगळी कथा नव्हती. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी सासऱ्यांना म्हटलं होतं, “मला पुढे शिक्षा घ्यायची आहे.” ते बिचारे आठवडाभर विचारत होते, “सूनबाई, पण तू केलंस तरी काय?” अर्थ कळल्यावर मात्र त्यांनी मला बी.एस्सी. करू दिलं, म्हणून आज तुझ्या उपयोगी पडते आहे.

टिपणांच्या तीन वह्या रजिस्टर्ड पार्सलने पाठवल्या आहेत. दर पंधरा दिवसांनी वीस प्रश्न. उत्तरं स्वच्छ अक्षरात पाहिजेत; डॉक्टरचं अक्षर काढायचा हक्क डॉक्टर झाल्यावर मिळतो.

आणि तुझं कारण मला पटलं नाही. ‘लोक साहब म्हणतात म्हणून’ हे काकांना सांग, गंगेला सांग. मला खरं काय ते लिही.

तुझी
आनंदीताई


दुर्गाघाट
२० फेब्रुवारी १९९४

ताई,

सादर प्रणाम. सोबत वीस उत्तरं. सातव्यात हृदयाला पाच कप्पे झाले आहेत. पाचाची सवय, दुसरं काय.

कबीरचौऱ्याजवळ एक शिकवणी लावली आहे. पोरं मला ‘चाचा’ म्हणतात. मास्तर माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. मी वर्गात शिरलो की तो खुर्चीतून अर्धा उठतो, मग आठवण होऊन बसतो. काल एका पोराने विचारलं, “चाचा, आप किसको छोड़ने आए हैं?” मी म्हटलं, स्वतःलाच.

तू खरं कारण विचारलंस. सांगतो. खिडकीतल्या माणसाचं कोणी ऐकत नाही, ताई. त्या विष्णु नावाड्याचंच घे. या महिन्याच्या सुरुवातीला परत आला तेव्हा तोंड ओळखू येत नव्हतं इतकं सुजलेलं. चौकशी केली तर याने गोळ्या महिनाभर आधीच बंद केलेल्या. हातात गमछ्याची पुरचुंडी, तिच्यात उरलेल्या गोळ्या. म्हणाला, “ई बच गइल रहल, केहू अउर के दे दा.” दुसऱ्या कोणाला तरी द्या म्हणे! अठरा दिवस वॉर्डात ठेवावं लागलं. वाचला, पण मरता मरता.

डॉक्टरसाहेब सगळ्या वॉर्डासमोर गरजले, “इन लोगों पर दवा बरबाद करना है! आधी खाते हैं, आधी बाँधकर रखते हैं।” मग त्याच्या कागदावर लिहिलं, ‘रोगी निर्देश नहीं मानता’. असा शेरा पडला की गरीब रोग्यांच्या यादीतून नाव जातं. तसं गेलं. आता गोळ्या बाहेरून घ्यायच्या.

मीही मागे राहिलो नाही. खिडकीतून मान बाहेर काढून पाच मिनिटं त्याला सुनावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, “हम त एकादसी तक खइली, भइया.” आता बघ. नावाड्याला एकादशी कळत नाही म्हणणं म्हणजे भटजीला दक्षिणा कळत नाही म्हणण्यासारखं. पण असते एखाद्याची गत. अशांना समजावायचं तर अंगावर पांढरा कोट पाहिजे. म्हणून डॉक्टर व्हायचं आहे. आता पटलं?

वेणू


वाई
१२ मार्च १९९४

चि. वेणू,

अनेक आशीर्वाद. हृदयाचा पाचवा कप्पा मी लाल पेनाने बंद केला आहे. बाकी वीसपैकी चौदा. वाईट नाही.

परवा महाशिवरात्र झाली. शाळेला सुट्टी होती, दुपारी तुझं पत्र पुन्हा वाचायला घेतलं. आणि उगाच मनात आलं: आमची ही महाशिवरात्र माघ वद्यातली. तीच, त्याच दिवशी, तुमच्या गल्लीतल्या दूधवाल्याची मात्र फागुनातली. लहानपणी आई समजावायची ते आठवतं? शुक्लपक्षात आपला मराठी आणि काशीतल्या इतरांचा महिना एकच. वद्यपक्ष लागला की त्यांचा महिना पुढचा, आपला मागचाच, कारण त्यांचा महिना पुनवेला संपतो आणि आपला अवसेला. पंधरवडा तोच, नाव वेगळं.

तू विष्णूला ‘पूस बदी एकादसी’ म्हणालास, म्हणजे पौष वद्य एकादशी. वेणू, तो पौष कोणाचा होता? आपला असेल तर ती एकादशी फेब्रुवारीत येते. त्याचा असेल तर जानेवारीत. बरोबर एक महिना आधी.

माझी शंका खोटी असली तर मला हसून लिही. पुढचे वीस प्रश्न सोबत आहेत.

आनंदीताई


वाई
२ मे १९९४
(पोस्टकार्ड)

वेणू, सात आठवडे तुझं उत्तर नाही. मेहनत चालू असेल असं धरते. श्रीरामभावजी म्हणतात, नापास व्हायची भीती असली की माणूस गप्प बसतो. मी म्हणते, नुसतं तेवढंच नसावं. परीक्षेला दही खाऊन जा. काकांना नमस्कार. – आनंदी


दुर्गाघाट
१४ जुलै १९९४

ताई,

तुझ्या पायांवर डोकं, आणि डोक्यात आता खरोखरच काहीतरी आहे असा सरकारी दाखला. पास झालो! नुसता पास नाही, यादीत नाव आहे. जागा मिळाली! अण्णांनी निकालाचा कागद देवापुढे ठेवला आणि बाहेर येऊन म्हणाले, “बेडकांचं नशीब.” पण मग काळभैरवाला जाऊन नारळ फोडून आले, मला न सांगता.

शिकवणीतली पोरं मला खांद्यावर घ्यायला निघाली होती. दोघांनी उचलून पाहिलं आणि म्हणाली, “चाचा, आप चलकर ही आइए।”

आता एकच कागद राहिला. सरकारी नोकर म्हणून रुग्णालयाचं अनापत्ति प्रमाणपत्र लागतं, म्हणजे माझ्या जाण्याला त्यांची हरकत नाही असं. दहा ऑगस्टच्या आत ते कॉलेजात दिलं नाही तर जागा दुसऱ्याला. पण त्यात काही अडचण नाही. आठ वर्षांत माझ्यावर एकही तक्रार नाही.

तुझ्या वह्यांनी तारलं. आता वनस्पतींचे वर्ग झोपेतही सांगीन. भावजींना सांग, चेष्टा यशस्वी झाली.

वेणू


वाई
२२ जुलै १९९४

चि. वेणू,

तुझं अभिनंदन. पत्र आलं तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच ओरडले. सासूबाईंना वाटलं दूध उतू गेलं. भावजींनी पेढे आणून गल्लीत वाटले आणि प्रत्येकाला ‘आमचे डॉक्टर मेव्हणे’ म्हणून सांगितलं.

मग मी पत्र दुसऱ्यांदा वाचलं. त्यात बेडूक आहेत, काळभैरव आहे, तुझं वजन आहे. विष्णूचं नाव नाही. आणि ‘माझ्यावर एकही तक्रार नाही’ हे वाक्य आहे. वेणू, ते वाक्य मला बोचलं.

माझीही चूक सांगते. मार्चमधलं ते पत्र लिहून मी चार दिवस टेबलाच्या खणात ठेवलं होतं. वाटलं, आत्ता टाकलं तर याचा अभ्यास बुडेल. तू डॉक्टर झालास तर माझंही काहीतरी होईल, असा माझा लोभ आहे. चार दिवसांनी लाज वाटली आणि टाकलं. तेव्हा मी काही तुझ्यापेक्षा मोठी साध्वी नाही.

काय कर हे मी सांगणार नाही. फक्त एवढं लिही, की त्या माणसाला गोळ्या मिळताहेत की नाही.

आनंदीताई


दुर्गाघाट
१६ ऑगस्ट १९९४

आनंदीताई,

नमस्कार. हे पत्र भावजींना पानावर वाचू देऊ नकोस. आधी तू वाच.

तुझं मार्चचं पत्र हातात पडलं त्याच क्षणी मला कळलं होतं. तरी पंचांग काढून पाहिलं. घरात दोन आहेत: आपल्या सणवारांचं आपलं, आणि यजमानांना मुहूर्त द्यायला इथलं. अण्णा रोज दोन्ही बघतात आणि त्यांची उभ्या जन्मात गफलत झालेली नाही. मला फरक माहीत नसता तर बरं होतं. मला माहीत होता. खिडकीवर तोंडाने हिंदी बोललो आणि डोक्यात महिना आपला होता, इतकंच झालं. मग ठरवलं, आधी परीक्षा होऊ दे. मग निकाल लागू दे. मग अनापत्ति मिळू दे. पाप पुढच्या तारखेवर ढकलायला मला कुठलंच पंचांग लागलं नाही.

तुझं पत्र अठ्ठावीस जुलैला आलं. चौकशी केली. विष्णु बाहेरून मिळतील तेवढ्या गोळ्या आणून अर्ध्या अर्ध्या करून खात होता आणि पायांवर सूज परत चढली होती. गरीब रोग्यांची यादी ठरवणारी बैठक एक ऑगस्टला होती, त्यानंतरची फेब्रुवारीत. म्हणून एकोणतीसला मी कागद लिहिला. चूक रोग्याची नाही, माझी आहे. शेरा खोडावा, नाव परत घालावं.

आमच्या कचेरीतले बडे बाबू मोहनजी चांगला माणूस. कागद वाचून त्यांनी तो माझ्याच खिशात परत ठेवला. म्हणाले, “दस-बारह दिन रुक जाइए। पहले अनापत्ति ले लीजिए, कॉलेज में नाम लिखाइए, फिर जो जी चाहे लिखिए।” ताई, मी बाहेर जाऊन दोन कप चहा प्यायलो. दुसरा कप संपेपर्यंत मला ते पूर्ण पटलं होतं. मग चहावाल्याने विचारलं, “डाक्टर साहब, अउर देईं?” आणि मी उठून परत आत गेलो. का गेलो ते नीट सांगता येत नाही. बहुतेक तिसरा कप पिववला नसता.

अधीक्षकसाहेबांनी कागद तीनदा वाचला. “दो-दो पूस होते हैं क्या?” मी त्यांच्या टेबलावर पुनव-अवस काढून दाखवली. ते डोकं धरून म्हणाले, “पंडितजी, जाँच रिपोर्ट में मैं क्या लिखूँ? चन्द्रमा दोषी है?” पण माणूस सरळ. एक तारखेच्या बैठकीत विष्णूचं नाव परत घातलं. शेरा डॉक्टरसाहेबांनी स्वतः खोडला. माझ्याकडे न बघता, पण खोडला. आणि नियमाप्रमाणे माझी चौकशी लावली. चौकशी चालू असेपर्यंत अनापत्ति देता येत नाही.

चौकशी अकरा ऑगस्टला संपली. लेखी ताकीद मिळाली आणि सोबत अनापत्तिही. मुदत दहा तारखेची होती. मी महिन्याची चूक केली आणि शिक्षा एका दिवसाने झाली, म्हणजे हिशेबात स्वस्तच सुटलो. जागा पुढच्या नंबरच्या मुलाला गेली. त्या दुपारी मी औषधांच्या कोठारात खोक्यांमागे बसून रडलो. हे विनोदी करून लिहायचा प्रयत्न केला, जमलं नाही. दुसऱ्या दिवशी तुझ्या वह्यांना नवं वेष्टण घालून अण्णांनी त्या माझ्या टेबलावर ठेवल्या. पुढच्या मेला पुन्हा बसतो आहे. शिकवणीत आता चाचाचा दादाजी होईन.

पण एक काम मी सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. साहेबाला लिहून देणं सोपं असतं. परवा रविवारी मुन्शी घाटावर गेलो. गंगा चढली आहे, नावा वर ओढून बांधल्यात. विष्णु आपल्या नावेच्या कडेला बसून फटींत कापूस भरत होता. त्याला सगळं सांगितलं: बोटांवर मोजून, माझी एकादशी कुठली आणि त्याची कुठली.

त्याने आणखी एक फट हातोडीने ठोकून बंद केली. मला वाटलं, आता हातातली हातोडी येणार. मग म्हणाला, “त हमार गलती नाहीं रहल?”

“नाहीं.”

ताई, मला वाटत होतं मी त्याची प्रकृती बिघडवली. ते कमीच होतं. चाळीस वर्षं हा माणूस एकादशी-पुनवेच्या स्नानाच्या गर्दीवर नाव चालवतो. फेब्रुवारीपासून त्याचा स्वतःच्या मोजण्यावरचा विश्वास उडाला होता. रोज सकाळी शेजाऱ्याला विचारायचा, आज कोणती तिथी. बायको घाटभर सांगत होती की आजाराने याचं डोकं गेलं, आणि यालाही ते पटलं होतं.

त्याने माझं मनगट धरलं. “घरे चला. मलकिन के सामने कह दा.”

गेलो. त्याच्या बायकोसमोर पाटावर बसून सांगितलं. ती म्हणाली, “फेर से कहा.” पुन्हा सांगितलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती, नवऱ्याकडे बघत होती. “त छः महीना से हम एन्हें झुट्ठे पगलेट कहत रहली?” म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावून आत निघून गेली. विष्णूने दार सताड उघडलं आणि शेजाऱ्याला हाक मारली. मी शेजाऱ्याला सांगितलं. मग पलीकडच्याला. मग त्याच्या मेव्हण्याला. दर वेळी माझी चूक तीच आणि दर वेळी विष्णूची पाठ थोडी आणखी ताठ. बरा झालेला माणूस खिडकीवर येत नाही, त्यामुळे आठ वर्षांत मी कोणाला बरं होताना पाहिलंच नव्हतं.

सातवा माणूस आला तेव्हा मी तोंड उघडलं, तर विष्णूने मला हाताने थांबवलं. म्हणाला, “रुका, हम कहत हई.” आणि उभा राहून, सुजलेल्या पायांवर, त्या माणसाला सांगू लागला, “इनकर महीना अलग हौ. हमार एकदम ठीक रहल.”

तुझा
वेणू